साडेतीन इंचांची उशी

९ जानेवारी

बाब्या,

पार्सल फोडलंस की आधी उशी बाहेर काढ, मग पत्र वाच. दाबून दाबून भरलीय बिचारीला, जरा फुगू दे.

लवंगीनं फोनवर ओरडून सांगितलं, की विमानात बसल्यावर तिला पुढचं काही म्हणता काही दिसत नाही, नुसतं विमानाचं नाक दिसतं. आता मी काय करू? उंची माझी घेतली आणि हट्ट बापाचा. वाटप जरा उलटसुलट झालं असतं तर काय बिघडलं असतं! असो. उशी दोन इंचांची केलीय. खालून रबरी कापड लावलंय, घसरायची नाही. तीस वर्षं लोकांच्या सोफ्यांना नि खुर्च्यांना कव्हरं शिवतेय, पण विमानासाठी शिवायची ही पहिलीच वेळ. दुकानात आलेल्या एकाही बाईला हे सांगायचं मी सोडलेलं नाही.

तू फोन करत जाऊ नकोस, लिहीत जा. तू बोलतोस तोंडातल्या तोंडात, आणि मशीनपाशी बसून बसून माझे कान कामातून गेलेत. लेकीचा आवाज तेवढा ऐकू येतो. तो शेजाऱ्यांनाही ऐकू येतो.

एकच सांगते. विमान शिकवणाऱ्या शाळा काय कमी होत्या? पण मी म्हटलं, चुलत असला तरी भाऊ आहे, वीस वर्षं पोरांना शिकवतोय, डोळ्यांत तेल घालून बघेल. हे गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत, तुला वेगळं काय सांगू? जपून शिकव. रागावलास तरी चालेल, पण जपून.

तुझी
अक्का

—

२८ जानेवारी

अक्का, नमस्कार.

उशीनं इथं पहिल्याच दिवशी भांडण लावलं. वर्गातल्या आणखी एका बुटक्या मुलानं ती तासाभरासाठी मागितली, तर तुझी लेक म्हणते, "तुझ्या आईला शिवायला सांग." मी मध्ये पडलो नाही. मला माझी अब्रू प्यारी आहे.

आता अभ्यासाचं. विमान वर न्यायला फारसं काही लागत नाही, ते आपणहून जायलाच बसलेलं असतं. खरी परीक्षा उतरवताना. धावपट्टी जवळ आली की इंजिन मंद करायचं आणि जमीन हाताच्या अंतरावर आली की नाक हळूच वर धरून ठेवायचं. मग विमान दमून स्वतःच खाली बसतं. नाक लवकर उचललं तर ते तरंगत राहतं, उशिरा उचललं तर आपटून चेंडूसारखं उसळतं. नवी पोरं महिना महिना उसळ्या मारतात. माझ्या पाठीचे मणके त्यांनीच खिळखिळे केलेत.

पण लवंगी! अगं, या आठवड्यात ओळीनं बारा वेळा उतरवलं, एकदाही आपटलं नाही. आमच्याकडे एक शिक्षिका आहेत, फार तिखट बाई. त्या म्हणतात, "भाचीचे लाड चाललेत. एकदा आपटू दे की तिला." मी म्हटलं, तुमच्या पोटात का दुखतंय?

असंच चाललं तर महिनाभरात तिला एकटीला सोडेन. एकटं उडणं म्हणजे मी खाली गवतात उभा, हातात रेडिओ घेऊन, आणि विमानात ती एकटी.

एक काम आहे. उशी दबलीय. ती म्हणते, अजून इंच-दीड इंच हवी.

बाब्या

—

१२ फेब्रुवारी

बाब्या,

नवी उशी पाठवतेय. साडेतीन इंच. आतला फोम कडक घेतलाय, हा दबणार नाही. चारही बाजूंनी दुहेरी शिवण मारलीय आणि खुर्चीला बांधायला दोन पट्टे दिलेत.

परवा लेकीचा फोन आला होता. "आई, मी उतरवलं! मी स्वतः!" मी म्हटलं, बाई, हे तू मला रोज सांगतेस. तर म्हणते, "रोज उतरवते म्हणून रोज सांगते." मामानं हाताची घडी घातली होती म्हणे, काही म्हणजे काही केलं नाही. मला हसू आवरेना. गिऱ्हाईक समोर उभं, पडद्याचं माप घ्यायचं होतं, आणि मी वेड्यासारखी हसतेय.

खरं सांगू? तिनं हे खूळ डोक्यात घेतलं तेव्हा मला भीतीच वाटली होती. आता तिचा फोन आला की जीव भांड्यात पडतो, आणि वर थोडी ऐटही येते. तू आहेस म्हणून.

एकटीला सोडशील त्या दिवशी आधी कळवू नकोस. झाल्यावर सांग.

अक्का

—

११ मार्च

अक्का,

काय लिहू? त्या दिवशी तुझ्याकडे आलो, चार तास तुझ्यासमोर बसलो आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तूच मला पाणी आणून दिलंस. लाज वाटते.

लवंगीला जाऊन आज अठरा दिवस झाले. मी निघताना दारात तू विचारलंस, "झालं तरी काय?" ते तुला सांगायला हवं. सकाळची वेळ होती, हवा चांगली होती. ती पहिल्यांदाच एकटी होती. उतरताना विमान जरा जोरात टेकलं आणि उसळलं. मग नाक खाली गेलं, पुन्हा आपटलं, पुन्हा उसळलं. तिसऱ्या वेळी पुढचं चाक मोडलं आणि विमान उलटं झालं. मी धावत पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तिला त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मलाही तसंच वाटतं.

चौकशी सुरू आहे. एक अधिकारी आलेत, शांत माणूस आहे. सगळ्या वस्तूंची यादी करतात. उशी कधीपासून वापरात होती, असं त्यांनी मला विचारलं. मी तारीख सांगितली.

तिची बॅग पुढच्या आठवड्यात मी स्वतः घेऊन येईन. तू जेवत जा.

बाब्या

—

१७ मार्च

बाब्या,

जेवायचं राहू दे. त्यांनी उशीचं का विचारलं?

मी तुझं जानेवारीतलं पत्र इतक्या वेळा वाचलं, की आता घड्या फाटायला आल्यात. जमीन हाताच्या अंतरावर आली की नाक उचलायचं, असं तूच लिहिलं होतंस. हाताचं अंतर डोळ्यांनीच मोजायचं ना? मग दीड इंच उंच बसल्यावर डोळ्यांना जमीन वेगळी दिसणार नाही का? मी आयुष्यभर मापं घेतलीत. दीड इंचानं ब्लाउज अंगात शिरत नाही.

जुन्या मापाची एक उशी आणि नव्या मापाची एक, अशा दोन पुन्हा शिवल्या. खुर्चीवर आलटून पालटून ठेवते आणि समोरच्या भिंतीकडे बघते. फरक पडतो रे. भिंतीवरचा खिळा खाली सरकतो.

तिनं इंच-दीड इंच म्हटलं होतं. मी सव्वा केला असता तर? पण मला ऐट. विमानाची उशी म्हणून चांगली भरभक्कम केली. माझ्याच हातांनी केलं. तुझ्याकडून एवढंच हवंय, हो किंवा नाही. माझ्या उशीनं गेली का ती?

अक्का

—

२६ मार्च

अक्का,

असं काही मनात आणू नकोस. चौकशी पूर्ण व्हायची आहे, आत्ताच कुणी काही ठामपणे सांगू शकत नाही. अशा घटनांमागे बरीच कारणं असतात. वारा असतो, विमानाचं वजन असतं. उशीचा संबंध असेल-नसेल, ते अधिकारी बघतील. आपण तर्क करून काय मिळणार?

बॅग आणायचं लांबलं. इथून निघता येत नाहीये.

तब्येत सांभाळ.

बाब्या

—

४ एप्रिल

बाब्या,

तुझं पत्र मिळालं. असं पत्र मला विजेच्या कचेरीतूनही येतं.

"असेल-नसेल" म्हणजे आहे. नसतं तर तू "नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहिलं असतंस. लहानपणापासून ओळखते तुला. काचेचं भांडं फोडलंस की "मांजर असेल-नसेल" म्हणायचास. यावेळी तू मला वाचवायला बघतोयस, एवढं कळतं मला.

पण मला कुणी वाचवायला नको. ती गेल्यापासून शाळेची माणसं म्हणतायत की मुलीची चूक झाली. माझ्या लेकीची चूक! ओळीनं बारा वेळा जिनं फुलासारखं उतरवलं, तिची? मी हे ऐकून घेणार नाही. मी त्या चौकशीवाल्या साहेबांना पत्र लिहिलंय. सगळं मोजून मापून लिहिलंय. जुनी उशी केवढी, नवी केवढी, फोम कुठला, कडक का घेतला, इंचानं भागलं असतं तिथं दीड इंच का वाढवला. खाली लिहिलं, की दोष उशी शिवणारीचा आहे, मुलीचा नाही. सही केली. दोन्ही उश्या पण पाठवल्या.

दुकान बंद केलं. मशीनवर कापड टाकून ठेवलंय. आता लोकांच्या बसायच्या जागा मी शिवणार नाही.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू तुझं काम नीट केलंस.

अक्का

—

१३ एप्रिल

अक्का,

काल त्या अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. टेबलावर तुझ्या दोन उश्या होत्या. त्यांनी तुझं पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्ही वाचा, मला यातलं पटत नाहीये." मी वाचलं. "दोष उशी शिवणारीचा" इथपर्यंत आलो आणि मला पुढचं दिसेना.

नाही. नाही. उशीचा काही संबंध नाही. बघ, मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्या उशीवर बसून तिनं सहा दिवसांत माझ्याबरोबर चाळीस वेळा विमान उतरवलं. तिला धावपट्टी लख्ख दिसत होती. तुझे पट्टे शेवटपर्यंत जागेवर होते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी तुला "असेल-नसेल" लिहिलं, कारण उशीचं कारण निघालं असतं तर मी सुटलो असतो. एवढा मी भेकड आहे.

आता ऐक. विमानात कंट्रोलच्या दांड्या दोन असतात, शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची. आतून जोडलेल्या. एक हलवली की दुसरी हलते. नियम असा, की शिकणारा उतरवत असताना आपण हात दांडीपासून लांब ठेवायचा, अगदीच जिवावर बेतलं तरच धरायची. मी हाताची घडी घालायचो, पण ती धावपट्टी दूर असताना. जमीन जवळ आली, की लवंगीचे डोळे समोर, आणि माझी दोन बोटं मांडीच्या आडून दांडीला टेकलेली असायची. फार नाही, दोनच. ती जराशी चुकतेय असं वाटलं, की मी केसभर मागे ओढायचो. तिला वाटायचं, तिच्याच हातानं झालं.

बाकी पोरांना मी आपटू देतो. आपटलं, उसळलं, की ती घाबरून नाक खाली दाबतात, सगळे दाबतात. मग मी ओरडतो, "दाबू नकोस! इंजिनाला पूर्ण जोर दे, वर जा, पुन्हा फेरी मारून ये!" दहा-वीसदा असं झालं की त्यांच्या हाताला ते कळतं. लवंगीला ते तोंडपाठ होतं, परीक्षेत तिनं धडाधड लिहिलं होतं. पण हाताला माहीत नव्हतं. माझ्यासोबत ती कधी उसळलीच नाही. मी उसळू दिलंच नाही. मला तिला दचकलेलं बघवायचं नाही गं. आयुष्यातली पहिली उसळी तिला एकटीला भेटली. आणि तिनं तेच केलं जे सगळे पहिल्यांदा करतात, नाक दाबलं.

त्या शिक्षिकेनं मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

काल हे सगळं लिहून दिलं. माझं शिकवणं बंद झालं, ते होणारच होतं. तू चिडशील, माझं तोंड बघणार नाहीस, तेही समजून चाललोय. पण मशीनवरचं कापड काढ, अक्का. तुझ्या हातांनी काहीही केलेलं नाही. माझ्या दोन बोटांनी केलं.

बाब्या

—

२ मे

बाब्या,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तर लिहायला घ्यायची आणि कागद चुरगळायची.

पहिल्यांदा मोकळं वाटलं. खोटं कशाला बोलू? बसून रडले, की माझ्यामुळे नाही. दुसऱ्या दिवशी तुझा असा संताप आला, की तू समोर असतास तर हात उगारला असता. तीन आठवडे मी त्या दोन उश्यांवर उठबस करत होते आणि तुला माहीत होतं! मी भिंतीवरचे खिळे मोजत होते आणि तुला माहीत होतं!

पण तो रागही गेला. मग जे उरलं ते फार वाईट आहे. "आई, मी स्वतः उतरवलं!" हे तिचं बोलणं माझ्याजवळ होतं. तिच्या कपड्यांना हात लावता येत नाही, फोटोकडे बघवत नाही, पण ते एक ओरडणं मी रोज मनात ऐकायचे. आता ऐकलं की वाटतं, नाही गं बाळा, तू नाही उतरवलंस, मामानं उतरवलं. तिला कुणी खोटं हसवलं आणि ती मला खरं समजून सांगत राहिली. माझ्या डोक्यावरचा धोंडा उतरवलास, बाब्या, आणि हातात होतं नव्हतं तेही काढून नेलंस.

"जपून शिकव" असं मीच लिहिलं होतं, हेही आठवतं. तू ते तोंडावर फेकलं नाहीस. फेकलं असतंस तरी चाललं असतं.

काल चौकशीचा कागद आला. भाषा अशी, की वकिलालाही घाम फुटेल. शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला. त्यात लिहिलंय, "दुसऱ्या फेरीत उतरताना." मास्तर पुढे वाचत गेले, मी त्यांना थांबवलं.

दुसरी फेरी म्हणजे पहिली झाली होती. तू मला हे सांगितलं नव्हतंस. त्या फेरीत तू विमानात नव्हतास ना? मग ते उतरणं कुणाचं?

अक्का

—

९ मे

अक्का,

तिचं. पूर्ण तिचं. मी दोनशे पावलांवर गवतात उभा होतो.

आधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. आता सगळंच सांगतो.

मी विमानातून उतरलो, दार लावलं, काचेवर टकटक केली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी ती कामात होती. वर गेली, चौकोनी फेरी मारली, समोर आली. मी नसल्यामुळे विमान हलकं झालं होतं, ते जास्त तरंगणार हे मला माहीत होतं, तिला सांगूनही ठेवलं होतं. ती तरंगली. मी मनात ओरडत होतो, थांब, थांब, घाई करू नकोस. आणि ती थांबली, अक्का. नाक धरून ठेवलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं. मग मागची दोन्ही चाकं टेकली, आवाजसुद्धा आला नाही, फक्त धुरळ्याची एक बारीक रेघ उठली. मी तिच्यासोबत कधी एवढं चांगलं उतरवलं नव्हतं. माझ्या बोटांनी तिला मदत केली की अडवलं, हेच मला तेव्हापासून कळत नाहीये.

रेडिओवर शाळेत सगळे मला सर म्हणतात, तीही म्हणायची. त्या दिवशी विसरली. ओरडली, "मामा, बघितलंस?"

पहिल्या दिवशी एकच फेरी की जास्त, हे शिक्षकानं ठरवायचं असतं. मी बहुतेकांना एकीवरच थांबवतो. तिलाही थांबवणार होतो. पण मला इतका आनंद झाला होता, डोळे भरून आले होते, की मी म्हणालो, "बघितलं गं! अजून एक कर."

तीन शब्द. यातून माझी सुटका नाही.

बाब्या

—

१५ मे

बाब्या,

पत्र सकाळी आलं. लगेच उत्तर लिहितेय, नाहीतर पुन्हा कागद चुरगळेन.

मी तिथं असते तर मीही तेच म्हटलं असतं. टाळ्या वाजवून म्हटलं असतं, अजून एक कर. जी आई असं म्हणणार नाही, ती आई मला दाखव. त्या तीन शब्दांपुरता तुझ्यावर माझा राग नाही. दोन बोटांचा आहे, आणि "असेल-नसेल"चा आहे. तो राहील बहुतेक. पण रागावलेली बहीण म्हणजे मेलेली बहीण नव्हे.

दुकान अजून उघडलेलं नाही. बघू.

तिची बॅग तुझ्याकडे पडलीय, ती घेऊन ये. पोस्टानं पाठवू नकोस, तू ये. आणि आल्यावर मागच्या वेळेसारखा मुका बसू नकोस. मला ती पहिली फेरी सांग. वर गेली तिथपासून, धुरळ्याची रेघ उठली तिथपर्यंत. तोंडातल्या तोंडात नको, मोठ्यानं सांग, मला ऐकू येत नाही. झाली की पुन्हा पहिल्यापासून सांग.

दुसरी फेरी सांगू नकोस.

अक्का